मशीनच्या अलीकडचे हरीदादा

पेशंट मशीनमधून बाहेर आला की हरीदादा त्याच्याकडे बघायचे नाहीत. त्याला हात देऊन उठवायचे, चपला पायाशी सरकवायच्या आणि लगेच वळून पलंगावरची चादर घडी करायला घ्यायची. चादर काय, धुवायलाच जायची. तिची घडी कुणाला हवी होती? मी नवीन होते तेव्हा एकदा विचारलंही.

"अगं, माणसं रिपोर्टची वाट बघत नाहीत," ते म्हणाले. "आपलं तोंड वाचतात. मी आत्ताच सगळं पडद्यावर बघितलेलं असतं. मला तोंड लपवायला जागा नको?"

ठाण्यात एका जुन्या व्यापारी इमारतीच्या बेसमेंटमध्ये आमचं स्कॅन सेंटर होतं. वर साड्यांची दुकानं, खाली आम्ही. मी रिसेप्शनवर बसायचे. हरिश्चंद्र म्हात्रे एमआरआयचं मशीन चालवायचे. रिपोर्ट लिहिणाऱ्या बापट मॅडमसकट सगळे त्यांना हरीदादाच म्हणत. हरीदादांचं गाव डोंबिवलीतलंच, शहराने चारी बाजूंनी गिळलेलं. घराच्या एका बाजूला अजून त्यांच्या आईची वालाची वेल होती आणि तिन्ही बाजूंना सात-सात मजले. कामावर ते आमच्यासारखंच बोलायचे, पण घाईत किंवा भीतीत गावची बोली वर यायची. ती वर आली की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

भित्र्या पेशंटांना हरीदादांच्या हवाली करायची आमची पद्धत होती. त्या नळकांड्यात डोकं घालून अर्धा तास निजायचं म्हणजे भल्याभल्यांचा श्वास अडकतो. हरीदादा माइकवरून बोलत राहायचे. "आता चार मिनिटं आवाज येईल, पिठाच्या गिरणीसारखा. हलायचं नाही. मी इथंच आहे." चार म्हणजे चारच. मिनिटांच्या बाबतीत ते कधी खोटं बोलले नाहीत. एकदा एक निवृत्त हवालदार आत जाईचना, तेव्हा हरीदादा स्कॅन संपेपर्यंत त्यांचा पायाचा अंगठा धरून मशीनच्या खोलीत उभे राहिले. बाहेर आल्यावर हवालदार म्हणाले, "त्या अंगठ्यावर जीव होता माझा."

विठ्ठलवाडीची रेश्मा आली तीही अशीच, थरथरत. लग्नाला तीन वर्षं झाली होती. पाळी थांबली होती आणि मूल नसताना छातीतून दूध येत होतं. सासूला वाटत होतं, काहीतरी बाहेरचं आहे. दोन ठिकाणी उतारे करून झाल्यावर कुणा शहाण्या डॉक्टरने डोक्याचा एमआरआय लिहून दिला होता. स्कॅन झाला, हरीदादांनी चादर घडी केली, आणि त्या दिवशी घडी जरा लांबली. रेश्मा उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघत होती.

"दादा, ब्रेन ट्यूमर आहे ना?"

टेक्निशियनने पेशंटला काही सांगायचं नसतं, असा आमच्याकडे कडक नियम होता. हरीदादांनी तो मोडला. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "बाळा, मेंदूच्या खाली, नाकाच्या मागे एक ग्रंथी असते. वाटाण्याएवढी. पिट्युइटरी म्हणतात तिला. तुझ्या ग्रंथीत एक बारीक दाणा दिसतोय. असे दाणे किती जणांत असतात माहितेय? आमच्या मॅडम सांगतात, कुठल्याही कारणाने डोकं तपासा, दहातल्या एखाद्याच्या तिथे काहीतरी बारीक दिसतंच. बाहेर बाकावर बसलेल्यांत पण कुणीतरी असेल. त्यांना ठाऊक नाही, एवढंच. म्हातारी होऊन मरतात माणसं, तो दाणा तसाच असतो. तुझा दाणा जरा उद्योग करतोय, म्हणून दूध येतं. गोळ्या देतील. बहुतेकांचं गोळ्यांनीच भागतं."

बापट मॅडमनी त्यांना केबिनमध्ये बोलावून चांगलं झापलं. पण रिपोर्ट तसाच होता आणि रेश्माला गोळ्याच मिळाल्या.

दहा महिन्यांनी ती पुन्हा तपासणीसाठी आली. रंग पालटला होता, पाळी सुरू झाली होती, दाणा निम्म्यावर आला होता. जाताना माझ्या काउंटरशी घुटमळली. मला वाटलं काही विसरली.

"ताई, एक बोलू? रागावू नका." तिने आवाज उतरवला. "दादांची तपासणी झालीये का?"

"कसली?"

"मी मुंबईत ज्या डॉक्टरांकडे जाते ना, तिथे बाहेर तीन-तीन तास बसावं लागतं. तिथे काही लोक येतात. हात असे जाड, जबडा पुढे आलेला, दातांत फटी. आवाज घोगरा. त्यांनाही त्याच ग्रंथीत गाठ असते, वेगळ्या जातीची. मागच्या वेळी मला कळलं नव्हतं. आज दादांनी मला उठवायला हात दिला, आणि..."

मी वळून काचेपलीकडे पाहिलं. हरीदादा पाणी पीत होते. रोज नऊ तास ज्या माणसाला बघत होते त्याला मी पहिल्यांदा बघितलं. बाटली त्यांच्या पंजात औषधाच्या बाटलीएवढी दिसत होती. भुवयांच्या वर हाड आलं होतं. नाक पसरलं होतं. एसी अठरावर असताना त्यांच्या शर्टाची पाठ ओली होती. हे सगळं एका दिवसात झालं नव्हतं. रोज केसभर झालं होतं, आणि रोज बघणाऱ्या आम्हा कुणाला ते दिसलं नव्हतं.

संध्याकाळी सेंटर बंद करताना मी त्यांना सांगितलं. मला वाटलं ते हसतील, नाहीतर चिडतील. ते कोट टांगत होते, तसेच थांबले.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले.

"काय दोन वर्षं?"

"मला कळून. तीन वेळा चपला बदलल्या, मीनल. आठ नंबरच्या दहा झाल्या. चाळिशीनंतर कुणाचे पाय वाढतात का? वैशाली म्हणते घोरणं इतकं वाढलंय की पोरगी दुसऱ्या खोलीत झोपते. मी हेच शिकलोय गं. पुस्तकात फोटो होता, तेव्हा आम्ही हसलो होतो त्याला."

"मग मशीन इथे आहे, तुम्ही आहात, मशीन चालवायला स्नेहल आहे. अर्ध्या तासाचं काम!"

"बघितली की ती हाय," ते म्हणाले. "नाय बघितली तवर नाय." बोली वर आली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "रेश्माची गाठ गुणाची. ही तशी नसते. ही काळजावर जाते. काळीज मोठं होतं, साखर होते, झोपेत श्वास बंद पडतो. वेळेवर धरली तर ठीक. माझी वेळ गेली असेल तर? मना भ्याव वाटतं. वैशालीला बोलू नको. आईला तर नकोच. आईची शप्पथ घालतो हवं तर."

मी गप्प राहिले. हे लिहिताना लाज वाटते, पण चार महिने गप्प राहिले. वैशाली वहिनींचा नंबर माझ्याकडे होता. मीही डोंबिवलीतच राहायचे, त्या कधीमधी बाजारात भेटायच्याही. एकदा तर शेपूची जुडी निवडता निवडता त्याच म्हणाल्या, "हे हल्ली फार चिडचिड करतात, कामाचा ताण आहे का हो?" मी म्हटलं, "हो, गर्दी वाढलीये." हरीदादा वयाने मोठे, कामाने मोठे, त्यांचं गुपित मी कसं फोडू, असं मी स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे माझ्याच तोंडून ती गाठ खरी होईल याची मला भीती होती. त्यांची भीती मला लागली होती.

त्या चार महिन्यांत ते दाराच्या चौकटीला खांदा धडकवू लागले. टेबलाच्या कडेचा चहा दोनदा सांडला. स्नेहल, आमची ज्युनियर टेक्निशियन, म्हणायची, "दादा, घोड्यासारखी झापडं लावलीत का?" ते हसायचे. मी हसायचे नाही.

मग एका रविवारी सकाळी ते मुलीला स्कूटरवर क्लासला सोडायला निघाले. तन्वी तेव्हा तेरा वर्षांची. गल्लीच्या तोंडाशी डाव्या बाजूने एक लहान पोर चेंडूमागे धावत आलं. तन्वी मागून किंचाळली, "बाबा!" हरीदादांनी ब्रेक दाबला, स्कूटर घसरली. पोराला खरचटलंही नाही. तन्वीचं मनगट मोडलं.

सोमवारी सकाळी ते कुणी यायच्या आधी आले होते. मला म्हणाले, "मीनल, माझ्यासमोर उभी राहा. माझ्या नाकाकडे बघ. आता तुझे हात दोन्हीकडे लांब कर आणि बोटं हलवत हळूहळू आत आण."

मी हात पसरले. बोटं हलवत आत आणू लागले.

"दिसली?"

"नाही."

आणखी आणले.

"नाही... नाही... आण अजून... नाही."

माझे हात जवळजवळ त्यांच्या कानांच्या रेषेपुढे, गालांपाशी आले तेव्हा ते म्हणाले, "आता." त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. "ते पोर तिथं नव्हतंच गं. मला रस्ता दिसत होता, रिकामा. अंधुक नव्हता, अंधार नव्हता. सरळ रिकामा रस्ता."

दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, ती जागा नेमकी त्या ग्रंथीच्या वर असते. गाठ वाढून तिथे टेकली की दोन्ही बाजूंच्या कडा जातात. हे मला नंतर बापट मॅडमनी कागदावर काढून दाखवलं. हरीदादांना ते काढून दाखवायची गरज नव्हती.

त्याच दुपारी पेशंट थांबवून त्यांचा स्कॅन ठरला. वैशाली वहिनींना मीच फोन केला. आत जाताना अंगावर धातू चालत नाही, आणि त्यांची अंगठी निघेना. साबण लावला, दोरा गुंडाळून बघितला, बोट निळं झालं. स्नेहल म्हणाली, "सोन्याची आहे दादा, राहू दे, चालतं." ते म्हणाले, "मी कुणाला ठेवू दिली नाही." शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या सोनाराने येऊन ती कापली. खाली कातडीला खोल पांढरा वळ होता. वहिनी तेवढ्यात पोचल्या होत्या. त्यांनी दोन तुकडे रुमालात बांधले.

पहिल्या वेळी ते आत गेले आणि मिनिटभरात, बाहेर काढा म्हणून, हातातला रबरी फुगा दाबू लागले. बाहेर काढलं. घामाने न्हाले होते. दुसऱ्या वेळी तसंच. तिसऱ्या वेळी म्हणाले, "माइकवर मीनलला बसव." मला दुसरं काही सुचेना, तेव्हा त्यांचंच बोलले. "आता चार मिनिटं आवाज येईल, हरीदादा. मी इथंच आहे." पंचवीस मिनिटं मी तेवढंच घोकत होते. फुगा दाबला गेला नाही.

बाहेर आल्यावर मला वाटलं, ते धीर वाटला असं म्हणतील. ते बसले, दोन्ही हातांनी पलंगाची कड धरली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "खोटं असतं गं ते. आत कुणी नसतं. वीस वर्षं मी खोटं सांगत होतो लोकांना."

मग कुणी अडवायच्या आत ते उठून पडद्यासमोर गेले. बापट मॅडम आधीच तिथे होत्या. वाटाण्याएवढी ग्रंथी कुठे सापडतच नव्हती. तिच्या जागी आवळ्याएवढं काहीतरी बसलं होतं, वर डोळ्यांच्या नसांना उचलत, एका बाजूला मोठ्या रक्तवाहिनीला बिलगून.

"किती, मॅडम?"

मॅडमनी आकार सांगितला.

"तसं नाही. वर्षं किती?"

मॅडम त्यांच्याच वयाच्या. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "हा कॅन्सर नाही, हरी. गाठ जीव घेत नाही, तिने सोडलेलं हार्मोन शरीर झिजवतं. ते ताब्यात आलं तर तू इतरांएवढाच जगशील. किती झीज आधीच झालीये, ते मला यात दिसत नाही. हृदय तपासावं लागेल."

हृदय मोठं झालेलं निघालं.

ऑपरेशन मुंबईत, नाकातून झालं. डोळ्यांच्या कडा पुष्कळशा परत आल्या. आठव्या दिवशी त्यांनी वॉर्डच्या खिडकीतला कावळा मान न वळवता ओळखला, तेव्हा वहिनी माझ्याशी फोनवर पहिल्यांदा रडल्या. पण रक्तवाहिनीला चिकटलेला तुकडा मागे ठेवावा लागला. त्यासाठी दर महिन्याला इंजेक्शन. शिवाय गाठीबरोबर ग्रंथीचं कामही गेलं होतं. संकटाच्या वेळी शरीर जे स्टेरॉइड स्वतः बनवतं ते आता गोळीतून घ्यायचं होतं. रोज, जन्मभर. ताप आला तर दुप्पट. उलट्या होऊन गोळी पोटात टिकली नाही तर ताबडतोब इंजेक्शन, नाहीतर रक्तदाब कोसळतो आणि माणूस काही तासांत जातो.

आधी ते गाठीला घाबरायचे. आता गोळी चुकण्याला घाबरू लागले. गोळ्या पाकिटात, ऑफिसच्या खणात, आईच्या बटव्यात, तन्वीच्या दप्तरात. शर्टाच्या खिशात एक कार्ड, मराठीत आणि इंग्रजीत, लाल अक्षरांत. ते कार्ड त्यांनी आम्हा सगळ्यांकडून पाठ करून घेतलं. साड्यांच्या दुकानातल्या शेठकडूनही. आईला वाचता येत नव्हतं, तिला तोंडी शिकवलं. ती म्हातारी बिचारी वेलीला पाणी घालताना पुटपुटायची, "वकला तं सुई, वकला तं सुई." उलटी झाली तर इंजेक्शन.

आणि ते झालंच. ऑपरेशनला दीड वर्ष झालं असेल. भर दुपारी माझ्या काउंटरवरचा फोन वाजला. तन्वी होती.

"मीनलताई, बाबांना सकाळपासून उलट्या होतायत. आई शाळेत कामावर आहे, फोन उचलत नाहीये. इथल्या दवाखान्यात आणलंय, रिक्षाने. डॉक्टर म्हणतात साधा गॅस्ट्रो आहे, सलाइन लावू, ते इंजेक्शन नको. मी कार्ड दाखवलं. ते म्हणतात, मला शिकवू नकोस." मागे कुणीतरी मोठ्याने बोलत होतं. "बाबा हाक मारली की बघत नाहीयेत. नुसते पडलेत. हात गार आहेत."

मी फोन घेऊन धावत केबिनमध्ये गेले. बापट मॅडमनी तो हिसकावलाच. "तन्वी, डॉक्टरच्या कानाला लाव फोन. हातात देऊ नकोस, कानाला लाव!" त्या दिवशी त्या ज्या आवाजात बोलल्या तो आवाज मी त्याआधी आणि नंतर कधी ऐकला नाही. पाच मिनिटं गेली की सात, ठाऊक नाही. मी काउंटरवर परत आले, समोर पेशंट रांगेत उभे होते, मला कुणाचं नाव लिहिता येईना. मग तन्वीचा मेसेज आला. "दिलं." तासाभराने दुसरा. "बाबा पाणी मागतायत."

वाचले. त्यानंतर पुन्हा कामावर आले. पण पेशंटशी वागणं बदललं होतं. 'मी इथंच आहे' हे वाक्य त्यांनी सोडलं. त्याऐवजी म्हणायचे, "आत एकटं वाटेल. वाटू दे. पाच मिनिटं आहेत, मग चार." चमत्कार म्हणजे त्याने लोक जास्त शांत राहायचे. चादरही ते घडी करेनासे झाले.

आणखी तीन वर्षं ते होते, शेवटचे काही महिने काम सोडून घरीच. हार्मोन ताब्यात होतं, डोळे शाबूत होते. एका दुपारी जेवण झाल्यावर वेलीशेजारच्या खुर्चीत बसले होते, आईने ताक आणेपर्यंत काळीज थांबलं. सर्टिफिकेटवर गाठीचा उल्लेख नव्हता. त्यानंतर कधीतरी मी धीर करून बापट मॅडमना विचारलं, "माझ्या त्या चार महिन्यांनी फरक पडला का?" त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "त्याच्या त्या दोन वर्षांनी पडला. आणि त्याआधीच्या पाच-सहा वर्षांनी, जेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं. मी तर शेजारच्या केबिनमध्ये होते, मीनल. माझं तर कामच बघण्याचं."

त्या उत्तराने मला सुटल्यासारखं वाटलं नाही. मॅडमनाही वाटलं नसावं.

मला ते शेवटचे दिसले ते गेले त्याच्या पंधरा दिवस आधी, ठाण्यातच, सिव्हिल हॉस्पिटलकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मी बँकेतून परतत होते. हरीदादा एका रिक्षाशी वाकून बोलत होते. भाड्यावरून असेल असं मला वाटलं. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं.

"लायसन्स काढता का जरा?"

"तुम्ही आरटीओवाले आहात का?" रिक्षावाला पस्तिशीचा असेल. हँडलवरचे पंजे रुंद, हनुवटी पुढे. मला आता दिसत होतं.

"नाही हो. फोटो बघायचाय. तुमचाच. कधीचं आहे लायसन्स?"

"दहा वर्षं झाली असतील. का?"

"काढा तर."

रिक्षावाल्याने वैतागून खिशातून पाकीट काढलं, लायसन्स हरीदादांपुढे धरलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही. म्हणाले, "मला नको. तुम्ही बघा." आणि हँडलवरचा छोटा आरसा बोटाने त्याच्या तोंडाकडे वळवला.

तो हसला. मग लायसन्सकडे बघितलं, मग आरशात. परत लायसन्सकडे. हसू कुठे गेलं ते मला कळलं नाही. मागून बस हॉर्न देत होती, कुणीतरी "ए, चल ना!" म्हणून ओरडलं. त्याने रिक्षा बंद केली.

"काय झालंय मला?" त्याने विचारलं.

हरीदादांनी मला पाहिलं नाही. ते मागच्या सीटवर त्याच्याशेजारी वाटावं इतकं पुढे सरकून बसले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सांगतो. आधी घाबरून घ्या. मी थांबलोय."